नाल्यात लपवलेले गोऱ्हे

आमच्या घरी ढोरांसाठी ढेप-सरकी कधी विकत आणली नाही. जंगलातलं गवत आणि नाल्याचं पाणी, एवढ्यावर गोऱ्हे वाढायचे आणि अंगानं भरले की बाबा ते मार्कंड्याच्या जत्रेत नांगरासाठी विकायचे. बाबांना ढोरांतलं सगळं कळायचं. मला काहीच कळत नव्हतं, पण मी ब्रह्मपुरीला मॅट्रिकपर्यंत शिकून आलो होतो. नापास झालो ती गोष्ट वेगळी. नापास मॅट्रिकसुद्धा गावात मी एकटाच होतो.

त्या वर्षी जत्रा तीन आठवड्यांवर असताना सरकारी कागद आला. ढोरांना बुळकांडीची सुई टोचायला डॉक्टर येणार. बुळकांडी कोठ्यात शिरली की दावणच्या दावण रिकामी करते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कागद मीच चावडीवर वाचला, मंत्र्याच्या थाटात.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तू शिकला हायेस. सांग, टोचाचं का नाई?"

सुईनंतर चार दिवस ताप येतो, असं कागदात होतं. तापानं गोऱ्हे उतरतील, मग जत्रेत त्यांना कोण हात लावेल? मी म्हटलं, "म्हाताऱ्या गायी दाखवू डॉक्टरले. गोऱ्हे तवापर्यंत नाल्यात नेऊन ठेवू."

आमचा गायकी, म्हणजे ढोरं राखणारा, माझ्या जन्माआधीपासून घरात होता. तो म्हणाला, "काऊन गा बाबू, ज्याइले वाचवाचं त्याइलेच लपवून राह्यला तू?"

"तुले नाई समजत थे. शास्त्र हाये."

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि माझं ऐकलं.

डॉक्टर आले. आठ म्हाताऱ्या गायी आणि एक लंगडा बैल टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढीच?"

"एवढीच, साहेब," मी पुस्तकी मराठीत म्हणालो. लग्नाकार्यात ही गोष्ट सांगताना मी इथं डॉक्टरांच्या टोपी सावरण्याची नक्कल करतो. लोक हसतात. मीही गोष्ट तिथंच थांबवतो.

नाल्याच्या डोहावर जत्रेला निघालेला दुसराच एक कळप पाण्याला थांबून गेला होता. त्यातली दोन जनावरं खंगलेली होती, हे गायक्यानं नंतर सांगितलं. आठवड्याभरात आमच्या तांबड्या गोऱ्ह्याचे डोळे गळायला लागले. मग तोंडात फोड, मग पाण्यासारखं शेण. बाबा ज्वारीची आंबील करून नळीनं त्याच्या तोंडात ओतायचे, ती तशीच बाहेर यायची. बाबा आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसायचे. तांबडा गेला, त्याचा जोडीदार गेला. सहा दिवसांत नऊच्या नऊ गोऱ्हे गेले.

टोचलेल्या म्हाताऱ्या गायी कोठ्यात रवंथ करत होत्या. लंगडा बैल तर चांगला अंग धरत होता. त्याच्याकडे पाहवत नव्हतं मला.

शेवटचा गोऱ्हा पुरायला आम्ही तिघं खड्डा खणत होतो, बाबा, गायकी आणि मी. तेवढ्यात बाबांचा चुलतभाऊ बांधावर येऊन उभा राहिला.

"तुह्या पोरानंच वाचला होता ना कागद? मंग सुई काऊन नाई टोचली बे?"

गायक्याचं फावडं थांबलं.

"थो सांगत होता टोचाले," बाबा मान वर न करता म्हणाले. "मीच आयकलो नाई."

"पोरगं शिकवाचं आन त्याचं आयकाचं नाई!" काका माझ्याकडे वळले. "काऊन गा, सांगत होता तू?"

गायकी माझ्याकडे पाहत होता. बाबा पाहत नव्हते.

"होय," मी म्हणालो.

बाबा माती लोटत राहिले. पुढं ते पुष्कळ वर्षं जगले. गावात कुणाकडे सरकारी कागद आला की लोक मलाच विचारायला यायचे, आणि बाबा आत उठून जायचे. मी लोकांना सल्ला द्यायचो.