उलटा गुंडाळलेला दोरा

मंडळी, आज सकाळी माझी जुनी बांबूची गळाची काठी घेऊन डोंगरकडा गावी गेलो. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास तिथल्याच बाजारात घेतलेली. हिच्यासोबत कयाधू नदीकाठी कितीतरी दुपारी गेल्या. पण तेव्हा त्या बाजारात बसणाऱ्या दोन बुरुडांपैकी ही कोणी केली, ते आठवेना. काठीवर नाव कोण घालतं? मरायच्या आत कळावं, असा घोर लागला होता.

त्यातल्या एका बुरुडाची बायको घरी भेटली. तिनं सांध्यावरच्या दोऱ्यावर बोट फिरवलं.

"उलटा गुंडाळलाय. आमचे मालक डावरे व्हते. बराबर त्यांचंच काम हाय."

मग हळूच म्हणाली, "घरात त्यांच्या हातचं एक सूपबी राह्यलं न्हाई, भाऊ. समदं इकलं."

काठी तिच्याकडेच ठेवून आलो. आता तिच्या घरात उंदीर दोरा कुरतडतील का, ही धाकधूक आहे. तुमच्या माळ्यावरची जुनी वस्तू कोणाच्या हातची, कधी विचारलंत?