शकूच्या फोटोतली उलटी सावली

तुमच्या या सदरात छापून येणाऱ्या अनुभवांपैकी निम्मे अपचनाचे असतात आणि उरलेले निम्मे निव्वळ थापा, असं माझं स्पष्ट मत आहे. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी... वाचून कीव येते. मी उभं आयुष्य डार्करूममध्ये काढलं, तिथे अंधाराशिवाय काहीही भेटलं नाही. तरी एक गोष्ट लिहितो आहे, कारण ती माझ्याच धंद्यातली आहे आणि तीत मीच तोंडघशी पडलो आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. भिंगारला बाजाराच्या तोंडाशी आमचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक दोनच प्रकारचं – कॅन्टोन्मेंटातले जवान आणि लग्नाच्या मुली. तेव्हा देवीच्या रोगाचे वण घरोघरी असत. ते घालवणं हे माझं काम. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने एकेक खळगा भरायचा, की प्रिंटमध्ये गाल तुळतुळीत. तो फोटो बघून मुलाकडचे यायचे, खरी मुलगी बघायचे, पोहे चापायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. स्वतःचं तोंड कधी आरशात न बघितलेली माणसं!

माझी धाकटी बहीण शकू. तिच्या चेहऱ्यावर वण भरपूर. तीन स्थळं अशीच पोहे खाऊन गेली होती. नेवाशाकडचं चौथं आलं तेव्हा ती फोटोला बसली, पण बसताना म्हणाली, "दादा, ही शेवटची खेप. यापुढे मी कुणासमोर बसायची नाही. आणि या वेळी वण राहू दे."

मी हसलो. वणांसकट फोटो पाठवला असता तर त्या माणसांनी एसटीत पाऊलसुद्धा ठेवलं नसतं.

त्याच दिवशी हायस्कूलचे विज्ञानाचे सर आले. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांना चंद्राच्या फोटोची कॉपी हवी होती. अमेरिकेच्या यानाने चंद्राभोवती फिरत काढलेला – नुसते खड्डेच खड्डे. सर सांगत होते, यानातच फिल्म धुतली आणि पट्ट्यापट्ट्यांनी चित्र खाली पाठवलं, म्हणून त्यावर या रेघा. वर डार्करूम! इथे भिंगारात फोटो पक्का करायचा हायपो मिळायची मारामार. मग पेन्सिलीचं रिटचिंग कोण करतं, मी विचारलं. कुणीच नाही, म्हणाले. मला त्या यानाची कीवच आली. वर सरांनी मला – फोटोवाल्याला – सावली शिकवली. खड्ड्यात सावली पडते ती उजेड येतो त्याच बाजूच्या कडेला. या फोटोत ती उजव्या कडांना आहे, म्हणजे सूर्य उजवीकडे.

दुपारी शकूची निगेटिव्ह संपवली. एक वण ठेवला नाही. मग चंद्राच्या कॉपीची निगेटिव्ह पुढ्यात घेतली, धुळीचे दोन ठिपके घालवायचे म्हणून... आणि हाताला वळण पडलेलं. भानावर आलो तेव्हा अर्धा चंद्र तुळतुळीत झाला होता. सर भडकले. "याला काय स्थळं बघायचीत का?" म्हणाले. पुन्हा कॉपी करून द्यावी लागली.

शकूचा प्रिंट मी आणि आईने खिडकीशी धरून पाहिला. स्वच्छ होता. मीच पाकिटात घातला, मीच पाकीट चिकटवलं, मीच पोस्टाच्या पेटीत टाकलं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण तुमच्यातले शहाणे लगेच म्हणतील, प्रिंट बदलला असेल. दुसरा प्रिंट काढलाच नव्हता.

आठवड्याने मुलगा आला, मामाला घेऊन. उन्हाने रापलेला शेतकरी. पोह्यांना हातही लावला नाही. शकू बाहेर आली आणि मी मान खाली घालून "कळवतो"ची वाट बघत बसलो. त्याने तिच्याकडे पाहिलं, खिशातून फोटो काढला आणि मामाला म्हणाला, "बगा, फोटूत हाय तसंच हाय. बाकी समद्या पोरींचे फोटू धुतल्यावानी यायचे. ह्यांनी एक वन झाकला न्हाई. म्हनून तर आलो."

मी फोटो मागून घेतला. शकूचे सगळे वण जागच्या जागी होते, हनुवटीवरचे जोडीचे दोनसुद्धा. आणि पुढचं तर फक्त मलाच दिसत होतं. मी दिवा डावीकडून दिला होता. नाकाची सावली बरोबर उजवीकडे पडली होती. मग वणांतली सावली डाव्या कडेला हवी. ती उजव्या कडेला होती, एकूण एक वणात. चंद्रावर होती तशी.

शकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ऐकलंस माझं, दादा."

लग्न ठरलं.

ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, तीवरची पेन्सिल जशीच्या तशी. आजवर कितीतरी प्रिंट काढले – सगळे तुळतुळीत. तिची आणि चंद्राची, दोन्ही निगेटिव्ह एकावर एक ठेवूनही पाहिल्या, नुसता चिखल झाला. सरांना विचारलं तर म्हणाले, दिवा हलला असेल. शिकलेल्या माणसाची अक्कल ती एवढीच!

तो फोटो त्यांच्या ओसरीवर लावलेला आहे. दर भाऊबीजेला मी जातो. आल्यागेल्याला दाजी तो दाखवतात, म्हणतात, "आमच्या मेव्हन्याचं काम. लई खरा मानूस." शकू ताट घेऊन ओवाळायला येते आणि माझ्याकडे बघून हसते. तिचा एकेक वण मी पुसला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.