आबांचा कोळसा

आबा कुणाच्याही बांधावर गेले की आधी चिमूटभर माती उचलायचे, हुंगायचे आणि मान हलवून म्हणायचे, "मेलीया ही माती." मयताला गेले तरी परसात जाऊन हुंगून यायचे. आमच्या सणसर गावात जिवंत माती फक्त त्यांच्या रानात, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

तुमच्याही गावात असा एकजण असेलच. शेजारी म्हणून मी तोंडावर आबा म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

आबा बारामतीला कसल्याशा प्रशिक्षणाला जेवणापर्यंत बसले आणि बायोचारचे तज्ज्ञ होऊन आले. बायोचार म्हणजे उसाचं पाचट, तुरीच्या तुराट्या कमी हवेत भाजून केलेला कोळसा. तो आधी शेणखतात कित्येक महिने मुरवायचा, मग रानात घालायचा. कोरडाच टाकला तर पिकाला दिलेलं खत तोच ओढून घेतो. हा मुरवायचा धडा जेवणानंतर होता.

माझी बहीण आक्का, तिचे यजमान नुकतेच गेलेले. पहिल्यांदाच एकटीनं ऊस करत होती आणि "तुला झेपायचं न्हाय, रान आमच्याकडं दे" म्हणत दीर टपून बसलेला. तिथं आबा पोचले.

"कोळसा टाक आक्का. माझ्या रानात टाकलाय, ऊस बघ कसा हाय."

"खतात कालवायचा का आबा?"

"कशाला? कोळसाच खत हाय."

स्वतः उभं राहून सरीत कोरडा कोळसा पसरायला लावला, फोटो काढून घेतले आणि चहा पिऊन गेले. ऊस पिवळा पडला तसे आबा कॅनॉलच्या कडेनं लांबून जायला लागले. हंगाम बुडाला. विहिरीखालचं रान दिरानं कसायला घेतलं, ते परत दिलंच नाही. मी आबांना बाजारात गाठलं तर म्हणाले, "तिची मातीच मेलेली, मी काय करू?" माझा हात चपलेकडे गेला होता.

उरलेला कोळसा आक्कानं संतापून उकिरड्यात फेकला. तिथं शेणात, गोठ्याच्या पाण्यात तो आपोआप मुरला. पुढं ते खत तिनं उरलेल्या तुकड्याला घातलं आणि ऊस बघण्यासारखा आला. लगेच आबा फोटोला हजर. "मी म्हणलं न्हवतं?" इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी आबा वारले. आमच्याकडे हल्ली रक्षा नदीत न सोडता रानात खड्डा घेऊन घालतात, वर झाड लावतात. त्यांच्या मुलानं आंब्याचं रोप आणलं, रानात खड्डा घेतला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. माती पांढुरकी, चिकट. कोळशाचा कण नाही. पुन्हा शेजारी खणून बघितलं, तिथंही नाही. "आबा तर युरियाच टाकायचे," मुलगा बोलून गेला. आक्काच्या रानावर प्रयोग करून हा माणूस स्वतःच्या उसाला गुपचूप युरिया घालत राहिला होता. मयताच्या माणसांत उभा असूनही मला किळस आली.

आक्का पुढं झाली. तिनं घरून पाटी भरून आणली होती, उकिरड्यातल्या त्या काळ्या खताची. ती तिनं खड्ड्यातल्या रक्षेवर ओतली आणि रोप लावलं.

"ह्या माणसासाठी आणलंस?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठी कोण आणतंय," रोपाभोवती माती दाबत ती म्हणाली. "आंब्यासाठी आणलंय. नुसत्या राखंत जळंल त्यो."