मारुती उडवणारा माणूस

इतवारा भागात आमच्या गणेश मंडळाच्या झांकीला, म्हणजे हलत्या देखाव्याला, आवाज देणारा एक जण आहे. त्याचं वाक्य पूर्णविरामानं संपत नाही, "समझे?"नं संपतं. पंख्यापुढे धोतर धरून तो फडफड मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि कॉम्प्युटरवर ती डाव्या स्पीकरमधून उजव्यात सरकवतो. जवळ येताना सूर चढवतो, पुढे गेल्यावर उतरवतो. मग मला डोळे मिटायला लावतो.

"आवाज कुठं चालला ते बोटानं दाखवा भाऊ, समझे?"

बोट अडखळलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला वैताग यायचा.

यंदा मारुतीचं उड्डाण होतं. पडदा उघडला आणि तारेवरचा मारुती मधेच अडकला. मी तार ओढणाऱ्या मोटरीकडे धावलो, तर त्यानं माझा दंड धरला.

"राहू द्या. लाइट बंद करा, समझे?"

अंधारात फडफड डावीकडून आली, डोक्यावरून गेली. दिवे लागले तेव्हा सगळी गर्दी उजवीकडच्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभी होती. मारुती मागे तसाच लटकत होता.

मोटर बंद आहे हे मला ठाऊक होतं. तरी माझेही हात जुळलेले होते.