नवकवितेच्या बाई

मानवतच्या आमच्या कॉलेजात नवकविता शिकवणाऱ्या बाई, कवितेत झाड आलं की वाचन थांबवायच्या. "कोणतं झाड?" गाईडात लिहिलेलं असायचं, झाड म्हणजे एकाकी माणसाचं प्रतीक. आम्ही तेच म्हणायचो. बाई वैतागायच्या. "माणूस नंतर. आधी त्याला झाड तर राहू द्या. लिंब हाय का बाभूळ? त्याच्यावर बसतंय कोण?"

या कवितांत धूर, काळं पाणी, मेलेल्या नद्या जागोजागी होत्या. बाई म्हणायच्या, "कवी ओरडून सांगायलाय, नदी मेली. आन् आपण म्हणायलोत, बिचारा लय उदास हाय!"

मग कॉलेजसमोरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. कडेच्या जुन्या वडांवर बगळ्यांची घरटी होती, घरट्यांत पिल्लं. 'पिल्लं उडेपर्यंत थांबा' एवढा एकच अर्ज घेऊन बाई कचेऱ्या फिरल्या. कुणी नाही म्हणालं नाही. कुणी थांबवलंही नाही.

एका सकाळी तास चालू असताना करवतीचा आवाज आला. बाई पुस्तक टाकून धावल्या, मागून आम्ही. वड आडवा झाला होता. चिखलात पिल्लं फडफडत होती. बाईंनी ती पदरात भरली, आमच्या वर्गातल्या शबानाने ओढणीत. करवतवाला मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मला वरून हुकूम हाय." आम्ही बाजारातून बारके मासे आणले, पिल्लांच्या चोचीत घातले. संध्याकाळपर्यंत एकेक करत सगळी मेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कविता उघडली. पहिल्या ओळीवरच थांबल्या. पुढे वाचताच येईना. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी व्याकरण घेतलं. त्यानंतर त्यांनी वर्गात कविता शिकवली नाही, आणि वर्ष संपताच स्वेच्छानिवृत्ती घेतली.

नांदेडला लेकीकडे निघाल्या, तेव्हा मी स्टँडवर गेले होते. म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवलेलं आमी विसरणार न्हाई."

"ध्यानात ठेवून काय व्हायलंय गं?" त्या म्हणाल्या. "मला नुसतं वाचता आलं. थांबवता आलं न्हाई."

एसटी कॉलेजवरूनच जाणार होती. बाईंना खिडकीची जागा मिळाली होती. बस सुरू होताच त्या उठल्या, शेजारच्या म्हातारीला खिडकीशी सरकवलं आणि आतल्या बाजूला बसल्या.