जिवंत भिंतीचा माळी

तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात नाना आधी भिंतीला लावायचे, मगच तिच्याबद्दल बोलायचे. जळगावच्या एका नव्या कार्यालयाला शेवाळाची ‘जिवंत भिंत’ बसली, तेव्हा तिला हात लावून पाहिलेला माणूस हा एकच. बाकीच्यांनी ती पडद्यावर पाहिली होती.

पडद्यावर देखणीच होती. कॉम्प्युटरने आखलेल्या, मेंदूसारख्या वळ्या पडलेल्या फरशा, वळ्यांत शेवाळ. इमारत म्हणे श्वास घेणार. पुण्याच्या आर्किटेक्टने सगळा विचार केला होता. फक्त भिंत पश्चिमेला होती आणि गाव जळगाव होतं. कंत्राटी माळी नाना कार्यालयाच्या साहेबांना म्हणाले, “साहेब, दुपारना दोनले आठे हात लाई दखा.” साहेबांनी एसीत बसून मोबाइलवर तापमान पाहिलं.

नाना शिंदखेड्याकडचे. धाब्याच्या घराच्या मातीच्या छतावर उगवलेलं गवत उपटण्यात त्यांचं लहानपण गेलं. “आमना बाप धाबावर गवत दिसनं का शिव्या दे. आते भीतवर उगाडाना पगार भेटस!” हसायचे, पण काम चोख. दुपारी भिंतीवर ओलं गोणपाट टांगायचे. चार फरशा त्यांनी मागच्या कोपऱ्यावर, उत्तरेच्या बाजूला, एसीचं पाणी ठिबकतं तिथे लावल्या. त्या हिरव्यागार झाल्या. ‘भिंत मागेच न्या,’ असं त्यांनी साहेबांना सुचवलं. उत्तर आलं, “मागे बघणार कोण?”

उद्घाटन जवळ आलं, तेव्हा पुढचं शेवाळ चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. त्यावर हिरवा ऑइलपेंट मारायचा हुकूम निघाला. रंग एकसारखा दिसावा म्हणून मागच्या चार फरशांनाही! नाना त्यांच्यापुढे उभे राहिले. “आठे रंग मारू नका साहेब, हाई जित्तं शे.”

मी गावात पत्रकं काढणारा. नाना ‘हे जिवंत आहे’ म्हणाल्याचं कानावर आलं आणि माझं रक्त उसळलं. पत्रक काढलं. ठळक अक्षरांत वाक्य, खाली नानांचं पूर्ण नाव. उद्घाटनाच्या दिवशी गेटवर वाटलं. पाहुण्यांना उकडत होतं. त्यांनी पत्रकानेच वारा घेतला. साहेबांनी मात्र ते वाचलं. दुसऱ्या दिवशी नानांचं काम गेलं, आणि मागच्या फरशाही रंगल्या. तीन फरशाच. चौथी रात्रीतून गायब झाली होती.

बसस्टँडवर गाठून मी माफी मागितली. नाना म्हणाले, “कागद झकास लिखा भाऊ. मन्हं नाव टाकाना पहिले इचारी लेता.” एवढंच. पिशवीतल्या ओल्या गोणपाटाची घडी त्यांनी सावरली आणि बसमध्ये चढले.

यंदा उन्हाळ्यात शिंदखेड्याला गेलो. पुढच्या पत्रकात त्यांचं नाव घालू का, हे विचारायला. ओट्याच्या सावलीत पाझरणारा माठ, त्याखाली ती फरशी. कॉम्प्युटरने आखलेल्या वळीन् वळीत शेवाळ मखमलीसारखं भरलेलं. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “हात लाई दखा.”

मी तळहात पुढे केला. नानांनी तो धरला आणि उलटा केला.