बाकड्यावरचा आदर

वसईच्या एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर इनासकाका आणि कादरचाचा वर्षानुवर्षं भांडायचे.

"देवाला मुलगा कसा असेल रे?" चाचा डिवचायचे.

"तुझ्या देवाला एवढंही जमू नये?" काका उसळायचे. मग दोघं एकाच पुडीतली सुकी केळी खायचे.

परवा कुणीतरी काकांचं तेवढंच वाक्य मोबाइलवर टिपून गावभर फिरवलं. आधी काकांच्या अंगणातला क्रूस फुटला, मग चाचांच्या दुकानाची काच.

दुसऱ्याच्या देवावर त्याच्या तोंडावर शंका घ्यायला त्या माणसावर केवढा भरवसा लागतो!

आज दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसलेले दिसले. मध्ये पुडी तशीच, न सोडलेली.

"तुमचा देव मोठा आहे," काका म्हणाले.

"तुमचाही," चाचा म्हणाले, आणि कुणी ऐकतंय का ते त्यांनी वळून पाहिलं.